जुन्या जीपला दुसरा मागचा अ‍ॅक्सल: मोजमापापासून पहिल्या तेलबदलापर्यंत

सीजे-३बी घराण्यातल्या जुन्या महिंद्रा जीपचा मागचा अ‍ॅक्सल बदलायचा विचार बहुतेकांच्या मनात एकाच कारणाने येतो. गिअर टाकला, क्लच सोडला, शाफ्ट फिरतो. चाक मात्र जागेवर. उघडून पाहिलं तर हबमधली चावी कापलेली. या अ‍ॅक्सलमध्ये हब शाफ्टच्या टेपरवर बसतो, चावीने धरला जातो आणि वरून मोठ्या नटाने आवळला जातो. नट जरा सैल राहिला की सगळा जोर त्या बोटभर चावीवर येतो. मूळ पेट्रोल इंजिनाच्या ताकदीला हे पुरत होतं. डिझेल इंजिन, रुंद टायर आणि उमरेडकडच्या काळ्या मातीत रुतलेली चाकं एकत्र आली की पुरत नाही.

म्हणून फ्लॅंज (चाक जिथे बोल्टने बसतं ती चकती) आणि शाफ्ट एकाच तुकड्यात असलेला मजबूत अ‍ॅक्सल शोधला जातो. तो मिळाला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "बसून जाते भाऊ, टेन्शन नका घेऊ." बसून तर जातो. पण गिअर रेशो, पिनियनचा (अ‍ॅक्सलच्या आतल्या लहान गिअरचा) कोन आणि प्रोपेलर शाफ्टची (ताकद अ‍ॅक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) लांबी या तीन गोष्टी आधी जुळवल्या नसतील, तर तोच अ‍ॅक्सल सहा महिन्यांत जॉइंट खातो, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी) खातो आणि शेवटी मालकाचा धीर खातो. वेल्डिंगची वेळ सगळ्यात शेवटी येते, हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी रेशो

फोर बाय फोर जीपला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो सारखाच लागतो. इथे "थोडा फरक चालते" म्हणायची सोय नाही. सीजे-३बीच्या क्राऊनला (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला) ४३ दात आणि पिनियनला ८, म्हणजे रेशो ५.३८. मागे तुम्ही ३९ आणि ८ दातांचा, म्हणजे ४.८८ चा अ‍ॅक्सल टाकला आणि पुढचा तसाच ठेवला, तर पुढची चाकं १० मीटर जाऊ पाहतात तेव्हा मागची ११ मीटर जाऊ पाहतात. चिखलात हा फरक टायर घसरून निघून जातो. मुरमाच्या टणक रस्त्यावर किंवा खडकावर तो निघायला वाटच नसते. मग सगळी ओढाताण शाफ्टमध्ये साठते, ट्रान्सफरचा दांडा अडकतो आणि कुठला तरी दात जातो. ४५/११ आणि ४१/१०, म्हणजे ४.०९ आणि ४.१० एवढा फरक मात्र चालतो. टायरच्या झिजेतच त्याहून जास्त फरक असतो.

भंगारवाला सांगेल त्या रेशोवर विश्वास ठेवू नका. अ‍ॅक्सल उघडा असेल तर क्राऊनचे आणि पिनियनचे दात मोजा आणि भागाकार करा. बंद असेल तर एका बाजूचं चाक किंवा फ्लॅंज पक्का धरा, दुसरी बाजू बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचा फ्लॅंज किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा. तो आकडा म्हणजेच रेशो. ही पद्धत साध्या डिफरन्शियलची आहे. लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही बाजू एकत्र एक फेरा फिरवून मोजा.

रेशो बदलायचा ठरवला तर त्याचे परिणामही आधी कागदावर पाहा. बाहेरून २८ इंच व्यासाचा टायर आणि टॉप गिअर थेट असेल, तर ५.३८ वर ताशी ६० किलोमीटरला इंजिन सुमारे २४०० फेरे घेतं. ४.१० वर तेच १८३५ च्या आसपास येतं. नागपूरहून रामटेकला जाताना हे सुख वाटतं. पण लो रेंजमध्ये चाकावर येणारा जोर जवळपास पाव हिश्श्याने कमी होतो आणि उतारावर इंजिन गाडी धरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: जीप मुख्यतः कच्च्यात चालवायची असेल तर रेशोचा आकडा खाली आणू नका. टायर मोठे केले असतील तर मुळीच नाही.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे एकाच फोर बाय फोर गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल जोडीने घेणं. ती जोडी मिळत नसेल तर पुढच्या हौसिंगमध्ये त्याच रेशोचा क्राऊन-पिनियन बसतो का हे पैसे देण्याआधी विचारा. स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते. म्हणून रेशो बदलल्यावर काटा खोटं बोलतो, ५.३८ ऐवजी ४.८८ असेल तर काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ने पळत असेल.

गोळा मध्ये की बाजूला

बहुतेक फसगत इथे होते. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधून मागचा शाफ्ट गाडीच्या मधोमध निघत नाही, तो उजव्या अंगाने निघतो. म्हणून मूळ मागच्या अ‍ॅक्सलचा गोळाही (क्राऊन-पिनियन असलेला फुगीर भागही) उजवीकडे सरकलेला असतो. टू व्हील ड्राइव्ह गाडीचा अ‍ॅक्सल घेतला तर त्याचा गोळा साधारण मध्यभागी येतो, कारण तिथे शाफ्ट थेट गिअरबॉक्समधून येतो. असा अ‍ॅक्सल जीपखाली टाकला की प्रोपेलर शाफ्ट वरून खाली तर जातोच, शिवाय आडवाही जातो.

समजा शाफ्ट ९०० मिलिमीटर लांब आहे आणि गोळा १५० मिलिमीटर बाजूला पडला. आडवा कोन साडेनऊ अंश झाला. उभा कोन आठ अंश धरला तर जॉइंटला खरा कोन येतो जवळपास साडेबारा अंश. हे उभं-आडवं सरळ बेरजेने जोडायचं नसतं. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ काढायचं. साडेबारा अंशांवर रोज फिरणारा क्रॉस (जॉइंटमधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) फार काळ टिकत नाही, आणि ८० इंची व्हीलबेसच्या जीपमध्ये शाफ्ट आखूडच असतो, त्यामुळे थोडंही सरकलं तर कोन पटकन वाढतो. हौसिंगची एक नळी कापून आखूड करायची आणि शाफ्टला नवे स्प्लाइन (टोकाच्या खाचा) पाडायचे, असाही सल्ला मिळेल. घरगुती कामासाठी मी तो देणार नाही. गोळा योग्य बाजूला असलेला अ‍ॅक्सल मिळेपर्यंत थांबा.

बाकीची मापं झटपट होतात. एका चाकाच्या फ्लॅंजपासून दुसऱ्या चाकाच्या फ्लॅंजपर्यंतची रुंदी मोजा आणि पुढच्या अ‍ॅक्सलशी ताडून पाहा. मागचा बराच रुंद असेल तर काळ्या मातीत मागची चाकं पुढच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीत न जाता स्वतःची नवी चाकोरी फोडत जातात, आणि जीपची निम्मी ताकद तिथेच संपते. चाकाचे बोल्ट पाच असतील तर शेजारच्या दोन बोल्टांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून १.७०१ ने गुणा. जुनी जीप आणि जिप्सी दोघींचा बोल्ट-सर्कल १३९.७ मिलिमीटर आहे, म्हणजे शेजारच्या बोल्टांतलं अंतर ८२ मिलिमीटर भरायला हवं. डिस्कचं मधलं भोक हबवर चढतं का, तेही प्रत्यक्ष चाक लावून पाहा.

भंगारातला अ‍ॅक्सल पारखताना

शाफ्ट बाहेर ओढायला लावा. स्प्लाइनच्या रेषा सरळ हव्यात; त्या किंचित पिळलेल्या दिसल्या तर तो शाफ्ट ताणून झाला आहे, तो मोडणारच. तेल काढून त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक राखेसारखी भुकटी निघणं साहजिक आहे, तुकडे निघाले तर पुढे जाऊ नका. तेल दुधी असेल तर पाणी गेलेलं आहे, सगळी बेअरिंग बदलायची तयारी ठेवा.

हौसिंग वाकलेलं आहे का हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही बाजूंना चांगली चाकं लावा, अ‍ॅक्सल घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा आणि हबच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. टायरवर खूण करून चाकं अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा, म्हणजे रिमच्या वाकडेपणाचा फरक निघून जातो. पुढचं-मागचं माप दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हललं तर नळी वाकलेली आहे.

घरी आणल्यावर तो जसाच्या तसा गाडीखाली ढकलू नका. ऑइल सील नवे, बेअरिंग नवी, आणि क्राऊन-पिनियनची बैठक तपासलेली. डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) त्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलप्रमाणे हवा; या आकाराच्या बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो. दातांचा डाग पाहायला जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून दातांना लावतात. आजही ते उत्तम चालतं, फक्त शेंदरात शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. डाग दाताच्या मध्यावर हवा. अगदी टोकाला किंवा मुळाशी असेल तर शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलावे लागतील. हे काम स्वतः शिकत शिकत करण्यापेक्षा डिफरन्शियल बांधणाऱ्या अनुभवी माणसाकडून करून घ्या. वाडीचा ट्रान्सपोर्टचा पट्टा नागपूरला लाभला आहे, तिथे ट्रकची डिफरन्शियल रोज उघडतात.

जुना अ‍ॅक्सल उतरवणं

फरशीची किंवा सिमेंटची सपाट जागा निवडा. काही जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. प्रोपेलर शाफ्ट सुटला की तो हँडब्रेक मागच्या चाकांना धरत नाही! म्हणून शाफ्टला हात लावण्याआधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. घोड्या चेसीखाली लावायच्या, अ‍ॅक्सलखाली नाही, आणि फक्त जॅकच्या भरवशावर कधीच गाडीखाली जायचं नाही.

सुटं करण्याआधी, गाडी चारही चाकांवर उभी असताना, ही मापं लिहून घ्या: पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंना, चेसीपासून मागच्या फ्लॅंजपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना, चेसीची जमिनीपासून उंची, आणि ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लॅंजचा कोन. कोन मोजायला मोबाइलवरचं लेव्हल अ‍ॅप चालतं, फ्लॅंजच्या यंत्रावर घासलेल्या सपाट तोंडावर फोन टेकवायचा.

मग प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकची नळी (तोंडाला बूच मारा, नाहीतर सगळं ब्रेक ऑइल जमिनीवर), शॉकअब, यू-बोल्ट. जुने गंजलेले यू-बोल्ट ग्राइंडरने कापले तरी चालतात, कारण ते परत वापरायचेच नाहीत. अ‍ॅक्सल ट्रॉली जॅकवर घ्या आणि मदतीला माणूस ठेवा. ड्रमसकट हे वजन एकट्याचं नाही.

वजन, मग टाके, मग वेल्डिंग

नव्या अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाद्या, म्हणजे पाटे टेकतात त्या बैठका, तुमच्या जीपच्या पाट्यांच्या अंतरावर क्वचितच येतात. जुन्या कापून हौसिंग स्वच्छ घासा, नव्या गाद्या घ्या किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमधून जाड प्लेटच्या करून घ्या. मधलं भोक पाट्याच्या सेंटर बोल्टच्या डोक्याला घट्ट बसेल एवढंच हवं. जुन्या जीपमध्ये पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जातो, हे ध्यानात ठेवून गादी नळीच्या कुठल्या अंगाला येणार ते ठरवा. याच संधीत पाटा वर घेऊन गाडी उंच करावी असं अनेकांना वाटतं. त्याने प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंग आणि ब्रेकच्या नळ्या सगळंच बदलतं; ते वेगळं काम आहे, या कामात मिसळू नका.

गाद्या अजून वेल्ड करायच्या नाहीत. पाट्यांवर ठेवा, अ‍ॅक्सल त्यांच्यावर बसवा, यू-बोल्ट हलके आवळा, चाकं लावा आणि गाडी जमिनीवर उतरवा. पाट्यांवर गाडीचं पूर्ण वजन आलं पाहिजे. हवेत लटकलेल्या गाडीचा कोन खोटा असतो. आता गादीवर नळी हाताने फिरवून पिनियनचं तोंड वर-खाली करता येतं. ट्रान्सफर केसचा फ्लॅंज जितके अंश खाली झुकला आहे, तितकेच अंश पिनियनचं तोंड वर हवं, म्हणजे दोन्ही टोकांचे शाफ्ट एकमेकांना समांतर येतात. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे झाले की एकाने दिलेला झटका दुसरा मोडून काढतो; नाहीतर ताशी ४० च्या पुढे सीटखाली घरघर सुरू होते. पाट्यांची गाडी जोर लावते तेव्हा पाटे थोडे मुरडतात आणि पिनियनचं तोंड वर उचललं जातं. म्हणून एक ते दोन अंश खालीच ठेवा. ट्रान्सफर केस ४ अंश झुकलेला असेल तर पिनियन २ ते ३ अंश वर.

कोन जमला की गाडी चौकोनात आहे का पाहा. दोन्ही चाकांच्या मध्यातून ओळंबे सोडून जमिनीवर खुणा करा, पुढचीही तशीच करा, मग दोन्ही बाजूंचा व्हीलबेस आणि दोन कर्ण दोरीने मोजा. फरक तीन मिलिमीटरच्या आत आणा. हे सगळं समाधानकारक झालं की दोन्ही गाद्यांना चार-चार टाके मारा, पुन्हा मोजा, आणि मगच अ‍ॅक्सल खाली उतरवून पूर्ण वेल्डिंग.

वेल्डिंगच्या वेळी शाफ्ट, सील, बेअरिंग सगळं बाहेर हवं. अर्थची क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ नळीवरच लावा. ७०१८ रॉड वापरत असाल तर तो कोरडा हवा. नागपूरच्या जुलैत उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो, त्याला भट्टी दाखवावी लागते. इंचभर टाका डावीकडे, मग उजवीकडे, मग समोरच्या अंगाला, आणि मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. एका दमात पूर्ण वेल्ड ओढली तर नळी केळ्यासारखी वाकते. पाणी ओतून थंड करू नका. गोळ्याच्या ओतीव भागाला वेल्डिंगचा हात लावू नका. मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्यावरचं लोखंड धरवत नाही. हे काम पहाटे उरकणारे मिस्त्री शहाणे. थंड झाल्यावर पुढून-मागून अंतराची तीच तपासणी पुन्हा करा.

प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक

अंतिम बसवणीत नवे यू-बोल्ट, नवे नट, आणि चारही आलटून-पालटून टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर. पाट्यांना रबर बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून फाटतं.

आता शाफ्टची लांबी. सगळे पाटे काढून फक्त मुख्य पाटा ठेवला आणि जॅकने एक-एक चाक वर-खाली केलं, तर अ‍ॅक्सल कुठून कुठे जातो हे डोळ्यांना दिसतं. पूर्ण दाबल्यावर स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या सांध्यात) निदान २५ मिलिमीटर जागा शिल्लक हवी, आणि पूर्ण लटकल्यावर स्प्लाइन निसटता कामा नये. गोळा टाकीला किंवा फ्लोअरला लागतो का, ब्रेकची नळी ताणते का, तेही याच वेळी कळतं. शाफ्ट कापून जोडला तर दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत ठेवा आणि बॅलन्स करून घेतल्याशिवाय लावू नका.

ब्रेककडे मी सगळ्यात जास्त काळजीने पाहतो. नव्या अ‍ॅक्सलचे ड्रम मोठे किंवा व्हील सिलिंडरचा बोअर मोठा असेल तर मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा आधी धरतो, आणि आखूड जीप ओल्या डांबरावर क्षणात आडवी होते. बोअर ताडून पाहा, गरज पडली तर योग्य बोअरचे सिलिंडर घाला. जीपमध्ये हँडब्रेक ट्रान्सफर केसवर असेल तर तो तसाच राहू द्या, नव्या अ‍ॅक्सलच्या केबल काढून टाकण्याआधी मात्र दोनदा विचार करा. चाकांवरचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्ट तुटला तरी धरतो. ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाने सुरू करा. मोकळ्या मुरमाच्या मैदानात ताशी २०-३० ला जोरात ब्रेक दाबून पाहा: पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत.

ब्रीदरला (अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाते त्या तोंडाला) लांब रबरी नळी जोडून ती टेल लॅम्पच्या उंचीपर्यंत न्या. तापलेला अ‍ॅक्सल कन्हानच्या पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी खेचलं जातं. तेल जीएल-५ प्रतीचं, ८०डब्ल्यू-९०. उन्हाळ्यात ओझं ओढायचं असेल तर मॅन्युअल परवानगी देत असल्यास ८५डब्ल्यू-१४०.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. तुमची नोंदणी एमएच-३१ असो, ४० असो की ४९, अ‍ॅक्सल विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या. फक्त खासगी शेतात किंवा स्पर्धेच्या मैदानात चालणारी, ट्रेलरवरून नेली जाणारी जीप हा वेगळा विषय आहे. पेंच-उमरेडच्या राखीव जंगलात स्वतःची वाट पाडायला कुठल्याच अ‍ॅक्सलला परवानगी नाही.

पहिले किलोमीटर

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हब, गोळा आणि पिनियनजवळ हात लावून पाहा. कोमट असावं; हात टेकवत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलं आहे किंवा तेल कमी आहे. नवा क्राऊन-पिनियन असेल तर पहिल्या प्रवासात मध्ये मध्ये थंड होऊ द्या आणि सुरुवातीला ट्रेलर ओढू नका. पाय दाबल्यावर येणारी घुंईघुंई आणि पाय सोडल्यावर येणारी घुंईघुंई वेगवेगळी लिहून ठेवा, डिफरन्शियल बांधणाऱ्याला त्यावरूनच कळतं शिम कुठे चुकला.

शंभर किलोमीटरवर यू-बोल्ट, चाकाचे नट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. यू-बोल्ट हमखास थोडे फिरतात. पाचशे किलोमीटरवर तेल गरम असताना काढा, ड्रेन बोल्टच्या चुंबकावरची भुकटी बोटांनी चोळून पाहा, आणि नवं तेल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत भरा.